यंदाही चकित व्हा!

मुंबईकरांनो, जून तोंडावर आलाय. चकित होण्याची तयारी आत्ताच करा, ऐनवेळी चेहऱ्यावर तो भाव जमत नाही.

पहिलं पथ्य म्हणजे पंचांग उघडायचं नाही. कोळीवाड्यात तिथीला तीनाने गुणतात, चाराने भागतात आणि भरतीची वेळ सांगतात. अष्टमी? आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला साधारण दुपारी बाराच्या आसपास, आणि उधाण असल्याने पाणीही जास्त. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. हे गणित एकदा डोक्यात बसलं की ‘अचानक पाणी भरलं’ म्हणताना जीभ अडखळते. पालिका साडेचार मीटरवरच्या भरत्यांची यादी पावसाळ्याआधीच काढते, ती व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकला. वाचू मात्र नका.

दुसरं, पाणी तुंबलं म्हणा, का तुंबलं ते विचारू नका. विचारलंत तर कळेल की पावसाचं पाणी समुद्रात सोडणारी 186 मुखं आहेत आणि भरतीच्या पातळीच्या वर त्यांतली जेमतेम 6. भरती आली की मुखांवर जिथे दरवाजे आहेत तिथे ते पाडावेच लागतात, नाहीतर समुद्रच गटारातून आत येतो. पाडले की आतला पाऊस आतच. मग पंपांनी पाणी उचलून बाहेर फेकायचं, तेही पंपापर्यंत पोहोचेल तेवढंच. इंग्रजांच्या काळातली गटारं ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. सांताक्रूझला 26 जुलै 2005 ला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला. आता समुद्राची पातळी वाढतेय, म्हणजे दरवाजे जास्त वेळ बंद. तापलेल्या हवेत बाष्प जास्त मावतं, म्हणजे सर येते ती कोसळतच. दोन्ही एका दुपारी जुळले की लगेच म्हणा, “असा पाऊस बापजन्मात पाहिला नव्हता.” मागच्या वर्षीही हेच म्हणाला होतात, पण ते कोण लक्षात ठेवतंय!

तळमजल्यावर राहत असाल तर उंबरठा नऊ इंच उंच करून घ्या. दिसतोही छान. मोरीला हात लावू नका. रस्त्यावरची पातळी चढली की घरात पाणी आधी मोरीच्या जाळीतून उकळ्या फुटल्यासारखं वर येतं, आणि मग तो नऊ इंचांचा उंबरठा ते बाहेर जाऊ देत नाही. लाइनीवर उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवला किंवा निदान जाळीवर वाळूची गोणी ठेवली तर हे बरंचसं टळतं. पण मग चकित कधी होणार?

खाडीकडेची तिवरं तोडून तिथे टॉवर आला असेल तर त्यातला खालचा फ्लॅट सोडून वरचा घ्या. गाडी तळघरातच लावा.

आता चकित व्हायची पुढची जागा, सुका बोंबील. ताज्या बोंबलात पाणीच फार. जबड्यात जबडा अडकवून जोड्या करायच्या, बांबूच्या वलांडीवर टांगायच्या, मग कडक ऊन आणि वारा मिळाला तर तीन-चार दिवसांत माल तयार. हंगाम दिवाळीच्या मागेपुढे सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. पूर्वी त्या दिवसांत आभाळाचा भरवसा होता. डिसेंबर 2017 मध्ये ओखी चक्रीवादळाने तो ऐन थंडीत मोडला, मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा होड्या पावसाळ्यासाठी अजून शाकारायच्या होत्या. वलांडीवरच्या अर्धवट सुकलेल्या बोंबलावर एक सर पडली तरी तो चिकट होतो, काळवंडतो आणि जातो कोंबडीखाद्याला. वादळाचा इशारा आला की बर्फ-डिझेल भरून निघालेली होडी अर्ध्या वाटेवरून माघारी. बर्फ वितळतो, डिझेलची उधारी तशीच राहते.

तुम्ही यात पडू नका. तुम्ही फक्त बाजारात जा, सुक्या बोंबलाचा भाव ऐका आणि डोळे मोठे करा. “मावशी, एवढा? लुटायला बसलात का?” मावशी काही न बोलता वर आभाळाकडे बघेल. तुम्ही वाट्याकडेच बघा, आणि वर दोन जास्त मागा.