राहू दे की चार दिवस, म्हणे!

"अगं, राहू दे की अजून चार दिवस. तुझ्याकडे ती काय परकी आहे का?"

रविवारी रात्री पावणेबारा वाजता मी हे फोनवर ऐकलं. मी कोल्हापुरात तावडे हॉटेलपाशी हायवेच्या कडेला उभी होते आणि जिच्याबद्दल हे बोलणं चाललं होतं ती माझी ७२ वर्षांची आत्या शेजारी स्वतःच्या बॅगेवर बसली होती. कानाला मफलर, मांडीवर फराळाचा डबा. ट्रक गेला की धुरळा उडायचा आणि ती पदरानं डबा झाकायची. बोलत होता तिचा पोटचा पोरगा, डोंबिवलीतनं, घरात बसून. आज मंगळवार. दोन दिवस झाले तरी माझा संताप उतरत नाही.

आत्या लग्न होऊन डोंबिवलीला गेली तेव्हापासून भाऊबीजेला कोल्हापूरला येते. यायची ती बाबांसाठी. बाबा जाऊन दीड वर्ष झालं. यंदा मीच हट्ट धरला. म्हणलं, बाबा नाहीत म्हणून माहेर बंद झालं असं समजू नको, माझ्याकडे ये. आली. नरकचतुर्दशीला पहाटे उठून पोरांना उटणं लावलं. पाडव्याला रंगवलेल्या शिंगांच्या म्हशी मिरवत निघाल्या, त्या बघायला पोरांचा हात धरून कोपऱ्यापर्यंत गेली. आणि भाऊबीजेला संध्याकाळी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं. ताट धरलेला हात थरथरत होता, पण निरांजन विझू दिलं नाही तिनं. या बाईला आम्ही सगळ्यांनी मिळून हायवेवर बसवलं, हे मला सहन होत नाही.

आणि हे टळणारं होतं, म्हणून जास्त राग येतो. भाऊबीज गुरुवारी, २३ ऑक्टोबरला. म्हणजे परतीची झुंबड रविवारी २६ तारखेला, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी १२० दिवस होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते निम्म्यावर आणलं. २६ ऑक्टोबरचं आरक्षण उघडलं २७ ऑगस्टला, नेमकं गणेश चतुर्थीच्या दिवशी. आम्ही कुंभार गल्लीत गणपती आणायला निघालो होतो. पोरं टोप्या घालून रिक्षात बसली होती, हातात पाट होता आणि तशात मी दारात उभं राहून आतेभावाला फोन केला. पावणेआठ वाजले होते. म्हणलं, दादा, आठ वाजता उघडतंय, महालक्ष्मी एक्स्प्रेसचं खालच्या बर्थचं तिकीट काढून टाक. तुला सवड नसेल तर सांग, मी काढते. तर म्हणाला, "तू कशाला त्रास घेतेस? आईचं मी बघतो."

त्यानं बघितलं १४ ऑक्टोबरला. वेटिंग ८७.

मी विचारलं, आता काय? तर म्हणे, "होतं गं कन्फर्म. शेवटच्या दिवशी लोक कॅन्सल करतात." अरे, दिवाळीनंतरच्या रविवारी मुंबईकडचं तिकीट कोण कॅन्सल करणार? सोमवारी सगळ्यांची ऑफिसं उघडतात. त्या रात्री कोल्हापूर, सांगली, कराड, सातारा सगळीकडचा माणूस एकाच दिशेनं निघालेला असतो. दुपारी चार्ट लागला, वेटिंग ३४ वर येऊन थांबलं. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावर पूर्ण वेटिंगवर असेल तर आपोआप रद्द होतं. त्या तिकिटावर गाडीत पाऊल टाकता येत नाही. हे त्याला माहीत होतं. तरी बारा दिवस आईला "तिकीट काढलंय" म्हणून सांगत राहिला. वेटिंग म्हणजे तिकीट नव्हे. वेटिंग म्हणजे न मिळालेलं तिकीट. हे माणसं स्वतःच्या आईलासुद्धा खरं सांगत नाहीत.

मग दुपारी तीन वाजता धावाधाव. एसटीनं जादा गाड्या सोडल्या होत्या, बाईमाणसाला निम्मं भाडं, सगळं खरं. पण मध्यवर्ती स्टँडवर माझा नवरा बघून आला. पुण्याची गाडी फलाटाला लागायच्या आधीच खिडकीतनं रुमाल आणि पिशव्या आत पडत होत्या. दोन्ही गुडघे गेलेल्या बाईला त्या गर्दीत कसं चढवायचं? म्हणून ट्रॅव्हल्स बघितली. स्लीपर, खालची सीट, १४०० रुपये. मी पैसे भरले. मेसेज आला: रात्री साडेनऊ, तावडे हॉटेल.

नऊला आम्ही तिथं हजर. साडेनऊचे दहा झाले. फोन केला तर ड्रायव्हर म्हणतो, "कागल सोडलंय, दहा मिनिटांत येतोय." कागल कुठं आणि तावडे हॉटेल कुठं, मला कळत नाही का? साडेदहाला परत फोन, परत दहा मिनिटं. हायवेचं सहापदरीकरण चाललंय, धूळ, खडी, सगळीकडे खणून ठेवलेलं. त्यात आमच्यासारखी पन्नास-साठ माणसं बॅगा घेऊन उभी. लेकुरवाळ्या बायका, पोरं पिशव्यांवर झोपलेली. एवढी माणसं रोज रात्री इथून गाड्या धरतात आणि बाईमाणसाला लघवीला जायला धड जागा नाही. आत्यानं तीन तास पाण्याचा घोट घेतला नाही. का, ते बायकांना सांगायला नको. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेली बाई तीन तास तहानलेली बसली, कारण पाणी प्यायलं तर जायचं कुठं?

सव्वाअकराला मेसेज आला. 'तांत्रिक कारणामुळे गाडी रद्द. रिफंड सात दिवसांत.' ड्रायव्हरचा फोन बंद. मी जागेवरच परत ॲप उघडलं. त्याच ट्रॅव्हल्सची, त्याच मार्गाची, बाराची गाडी दिसत होती. खालची सीट ३२०० रुपये. मी ऑफिसला फोन लावला आणि विचारलं, तुमची गाडी बिघडली तर आमची सीट या गाडीत का नाही? तो म्हणाला, "ती गाडी वेगळी आहे ताई." म्हणलं, एसटीच्या भाड्याच्या दीडपटीवर घ्यायचं नाही असा सरकारचा नियम २०१८ पासून आहे, मग हे ३२०० कसे? तो म्हणाला, "ताई, सीझन आहे."

सीझन आहे! आमची दिवाळी, आमचे म्हातारे आईबाप, आमची भाऊबीज, आणि या लोकांच्या लेखी तो सीझन. १४०० ची सीट रद्द करायची आणि तीच माणसं अडली की ३२०० ला विकायची. हा बिघाड इंजिनातला नाही, दानतीतला आहे. मी तरी ३२०० भरले असते. खरंच भरले असते, रात्री बारा वाजता म्हाताऱ्या माणसाला घेऊन कोण हुज्जत घालत बसणार? पण बटण दाबेपर्यंत तीही सीट गेली.

त्याच वेळी मी आतेभावाला फोन लावला आणि त्यानं ते वाक्य टाकलं. राहू दे की चार दिवस. एकदाही विचारलं नाही, आई कशी आहे, जेवली का, फोन दे तिच्याकडे. फोन स्पीकरवर नव्हता, पण आत्याला ऐकू गेलं. रात्रीच्या वेळी त्याचा आवाज मोठा होता. ती मान खाली घालून डब्याची गाठ सोडत आणि बांधत राहिली.

आता मला कुणीतरी म्हणेल, मग एवढं काय झालं, पाहुणा म्हणजे देव. आम्हा कोल्हापूरकरांना तर पाहुणचाराचा अभिमान. मलाही आहे. आत्याची भाकरी मला जड नाही, ती वर्षभर राहिली तरी जड होणार नाही. पण अडचण झाली, हेही खरं आहे, ते मी का लपवू? दोन खोल्यांचं घर. नवऱ्याची गोकुळ शिरगावला सकाळची पाळी, पहाटे पाचला दिवा लावला की सगळ्यांची झोप मोडते. मी पतसंस्थेत कामाला, दिवाळीनंतर पहिल्या दिवशी काउंटरवर रांग असते, आणि मला सोमवारी रजा टाकावी लागली, आजही टाकावी लागली. या रजा कुणाच्या हिशेबात धरायच्या? "राहू दे" म्हणणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, कारण राहू देणारी बाई दुसरी असते. गृहीत धरायचं ते बाईच्याच घराला आणि बाईच्याच कष्टाला.

आणि सगळ्यात जास्त त्रास आत्याला होतोय. जुन्या वळणाची बाई. भाचीच्या सासरी मुक्काम वाढला म्हणून ती मेल्याहून मेल्यासारखी झालीय. माझ्या सासूबाई एका शब्दानं काही बोलल्या नाहीत, उलट "राहा हो, मला सोबत होते" म्हणाल्या. तरी ही पहाटे चारला उठते, आवाज न करता भांडी घासते. काल मी उठून बघितलं तर अंधारात चाचपडत ताटं लावत होती. दिवा का नाही लावलास, विचारलं तर म्हणे, "तुमची झोपमोड नको." जेवायला बसली की दुसरी भाकरी घेत नाही. आल्यापासून आठ दिवस दोन खायची, रविवारपासून एक. तिची बॅग दारापाशी चपलांच्या स्टँडला टेकून ठेवलीय. रोज एक साडी काढते, धुते, वाळली की घडी करून परत बॅगेत आणि चेन बंद. मी म्हणलं, कपाटात ठेव की. तर म्हणाली, "बॅग उघडी राहिली की राहायला आल्यासारखं वाटतं बाई."

गोळ्यांचं तर विचारूच नका. मोजून रविवारपर्यंतच्या आणल्या होत्या. सोमवारी सकाळी पाकीट रिकामं. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देईना, आणि बरोबरच आहे त्याचं. आतेभावाला चिठ्ठीचा फोटो मागितला. दहा वाजता मागितला, दुपारी दोनला आला, तोही हललेला, मिलिग्रॅमचा आकडाच वाचता येईना. शेवटी आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी बीपी तपासलं, ते वाढलेलं होतं, त्यांनी नवीन चिठ्ठी लिहून दिली. हे सगळं होईपर्यंत त्या पोराचा एक फोन नाही. संध्याकाळी मेसेज: "झालं का काही?"

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शिरोलीपाशी हायवेवर आलं, रस्ता कितीतरी दिवस बंद होता. तेव्हा माझी नणंद दोन पोरांना घेऊन आमच्याकडे अडकली होती. दूध मिळेना, प्यायला पाणी मिळेना, तरी घरात कुणाचा आवाज चढला नाही. पाण्याला कोण बोलणार? तेव्हा अडकलेल्या माणसाला आपण ओझं आहोत असं वाटलं नाही, कारण सगळं गावच अडकलं होतं. आत्याला पुरानं अडकवलं नाही. तिला एका आळशी पोरानं आणि एका लबाड ट्रॅव्हल्सनं अडकवलं.

सल्ले तर काय, खंडीभर आले. शेजारीण म्हणाली, उजळाईवाडीहून विमानानं पाठवा. तिकिटाचे पैसे बघितले आणि गप्प बसले. कुणी म्हणालं, वंदे भारतनं पुण्याला नेऊन बसवा. ती आठवड्यातनं तीनच दिवस, आणि पुण्यात उतरून हिनं दुसरी गाडी एकटीनं शोधायची का? सोमवारी रेल्वेच्या तत्काळ तिकिटाला बसले. एसीचं दहाला उघडतं, बाकीचं अकराला. आधार झालं, ओटीपी झाला, पैसे भरायच्या पानावर चक्र फिरत राहिलं आणि दोन मिनिटांत सगळं संपलं. पूर्वी ५८ वर्षांवरच्या बायकांना रेल्वेत निम्मं तिकीट होतं. मार्च २०२० मध्ये कोरोनात ते बंद केलं, कोरोना गेला, सवलत आली नाही. पैसे पुरे घेता तर निदान म्हाताऱ्या माणसाला बसायला जागा मिळेल असं तरी करा.

आज परत बसले. एका फोनवर मी, एकावर नवरा कारखान्यातनं. उद्या सकाळच्या कोयना एक्स्प्रेसमध्ये जागा मिळाली. दोन जागा. मी सोबत जातेय. तिला मी आता एकटीला पाठवणार नाही. तिसरी रजा. तिला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा चेहरा उजळला, आणि लगेच म्हणाली, "तुझे किती गेले गं तिकिटाला?" कमरेची पिशवी सोडून पाचशेची नोट काढायला लागली. मी तो हात धरून ठेवला.

आतेभावाला मेसेज टाकला: उद्या कोयनेनं आणतेय, संध्याकाळी कल्याणला उतरू, तिला जिना चढवत नाही, घ्यायला ये. तासाभरानं उत्तर आलं, "यायला जमतंय का बघतो."

बघू नकोस. ये.