लढाई व्होल्गाकाठी, हिशेब परळमध्ये

दुसऱ्या महायुद्धाचा मराठी साहित्य-कलेवर काय परिणाम झाला, असं कुणी विचारलं की पहिलं नाव येतं 'रणांगण'चं. रास्तच आहे. विश्राम बेडेकरांची ही कादंबरी १९३९ची. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी आणि मायदेशी परतणारा मराठी माणूस. पण त्यापुढे यादी अडखळते आणि मग ठरलेला निष्कर्ष निघतो: युद्ध आपल्या दारात आलंच नाही, तर आपल्या कलेत कुठून येणार?

मला हे साफ अमान्य आहे. लांबचं युद्ध आधी टंचाईतून, परवान्यातून, काळ्या पैशातून आणि जीव वाचवून आलेल्या माणसांमधून येतं. विषय म्हणून ते दिसतं फार नंतर, कधी कधी दिसतही नाही.

सिनेमाचंच बघा. त्या काळी भारतात कच्ची, म्हणजे चित्रणासाठी लागणारी कोरी फिल्म तयारच होत नव्हती, फूटन् फूट बाहेरून यायची. जर्मन 'आगफा'चा माल युद्ध सुरू होताच बंद झाला. उरलेला माल जहाजांवर अवलंबून, आणि जहाजांत जागा आधी लष्कराला. शिवाय तेव्हाच्या फिल्मचा पाया नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे स्फोटकांच्या कारखान्यांना लागणारी तीच रसायनं. १९४२मध्ये सरकारनं चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर आणली, ट्रेलरची ४०० फुटांवर. १९४३पासून कच्ची फिल्म परवान्यावर मिळू लागली.

३५ मिलिमीटर फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते, एका फुटात १६ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट. ११,००० फूट म्हणजे दोन तास दोन मिनिटं. त्यात तीन-तीन मिनिटांची दहा गाणी घातली की २,७०० फूट गेले, जवळपास पाव चित्रपट. गाणी कापायची तर धंदा बसतो, म्हणून कात्री कथेला लागते. रीटेक घेतला की तितकीच फिल्म पुन्हा जाते, त्यामुळे प्रयोग करणारा दिग्दर्शक निर्मात्याला परवडेनासा होतो आणि एका दमात शॉट देणारा नट महाग होतो.

मराठीला याची झळ जास्त लागली, आणि त्याचं कारण तांत्रिक आहे. 'प्रभात'ची पद्धत अशी, की एकच चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत काढायचा: 'कुंकू' आणि 'दुनिया न माने', 'माणूस' आणि 'आदमी', 'शेजारी' आणि 'पडोसी'. हे डबिंग नव्हतं. संवादाचा प्रसंग त्याच सेटवर दोनदा खेळला जायचा, म्हणजे निगेटिव्हही दुप्पट. परवान्याच्या काळात ही चैन होती. मोजकीच फिल्म हातात असेल तर निर्माता ती देशभर चालणाऱ्या हिंदीवर लावणार की महाराष्ट्रापुरत्या मराठीवर? १९४४चा 'रामशास्त्री' दोन्ही भाषांत निघाला, हे 'प्रभात'च्या हट्टाला साजेसंच. पण एका संस्थेच्या हट्टावर अख्खी चित्रसृष्टी तगत नाही. चाळीसच्या दशकात मराठी चित्रपट मागे का पडला, याचं उत्तर शोधताना प्रेक्षकांच्या अभिरुचीला दोष देण्याआधी हा फुटांचा हिशेब मांडायला हवा.

त्यातच युद्धाच्या नफेखोरीतला पैसा सिनेमात शिरला. स्टुडिओच्या पगारावर असलेल्या नटांना बाहेरून रोख, बिनपावतीच्या रकमा मिळू लागल्या आणि स्टुडिओंची व्यवस्था पोखरली गेली.

सेन्सॉरची गंमत वेगळीच. 'किस्मत'मधलं 'दूर हटो ऐ दुनियावालों' १९४३मध्ये, म्हणजे 'छोडो भारत'नंतर काही महिन्यांतच, सरकारच्या नाकावर टिच्चून वाजलं. गाण्यातल्या एका ओळीत शत्रू म्हणून जर्मन आणि जपानी यांची नावं आहेत, तेवढ्या आडोशावर ते सुटलं. थिएटरातल्या माणसाला दुनियावाले कोण ते बरोबर कळत होतं. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवरचा शांतारामबापूंचा चित्रपटही याच फटीतून आला. काँग्रेसनं १९३८मध्ये चीनला पाठवलेल्या पथकातला हा डॉक्टर १९४२मध्ये तिथेच वारला. चीन दोस्तांच्या बाजूचा, जपान शत्रू. म्हणजे राष्ट्रभक्तीही झाली आणि सरकारलाही बोलायला जागा नाही.

आता पोवाडा. व्होल्गा नदीकाठच्या स्टालिनग्राड या रशियन शहरासाठी झालेल्या लढाईवरचा अण्णा भाऊ साठेंचा पोवाडा हे लांबच्या युद्धानं मराठीला दिलेलं सगळ्यात थेट देणं. गिरणगावातल्या ज्या कामगारांनी व्होल्गा नकाशातही पाहिली नव्हती, त्यांना ही लढाई आपली वाटली. त्यामागे कम्युनिस्ट पक्षाचा प्रचार होताच, पण फक्त प्रचार असता तर तो पोवाडा टिकला नसता. पोवाड्याला वेढा पेलतो. कोंडलेला गड, बाहेर अफाट फौज, रसद तुटलेली, शेवटच्या बुरुजावरचा माणूस: हा साचा डफ-तुणतुण्याच्या परंपरेत तयारच होता आणि स्टालिनग्राड त्यात नेमकं बसलं. विमानांची हवाई लढाई किंवा पाणबुड्यांचं युद्ध त्या घाटात इतकं सहज बसलं नसतं. झीलकऱ्यांच्या 'जी जी'ला समोरासमोरची झुंज लागते.

यातली अडचणीची बाजूही सांगायला हवी. जून १९४१मध्ये हिटलरनं रशियावर हल्ला केला आणि कम्युनिस्टांसाठी हे 'लोकयुद्ध' झालं, कारण इंग्रज आता रशियाच्या बाजूचे. ऑगस्ट १९४२च्या लढ्याला त्यांनी विरोध केला. नेहरू, पटेल अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान असताना मुंबईत रशियाचे पोवाडे गायले जात होते. त्याचा राग तेव्हा होता आणि तो समजण्यासारखाही आहे. पण १९४४मध्ये अण्णा भाऊ, अमर शेख आणि गवाणकर यांनी 'लाल बावटा कलापथक' उभं केलं. तमाशातला गणपतीचा गण बदलून मातृभूमीचं आणि कष्टकऱ्यांचं स्तवन आलं, लोकनाट्य घडलं. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या सभा ज्या आवाजांनी गाजल्या, ते याच तालमीत तयार झालेले होते. राजकीय भूमिका चुकली तरी कलेची तालीम फुकट जात नाही, असं माझं मत.

चित्रकलेत युद्ध आलं ते निर्वासितांच्या रूपानं. व्हिएन्नाचा वॉल्टर लँगहॅमर नाझींमुळे देश सोडून मुंबईत आला आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'त कलासंचालक झाला. रुडी फॉन लायडन भूगर्भशास्त्रज्ञ, तो १९३३लाच आला होता आणि इथे कलासमीक्षक झाला. इमॅन्युएल श्लेसिंगर औषधांच्या धंद्यातला, चित्रं विकत घेणारा. एक शिकवणारा, एक लिहिणारा, एक पैसे मोजणारा: नव्या चित्रकाराला लागणारी तिन्ही माणसं युरोपनं हाकलून दिली आणि मुंबईला मिळाली. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह गट १९४७चा. त्यांची प्रतिभा त्यांचीच, ती कुणी आयात केलेली नाही. पण जे.जे.च्या शैक्षणिक शिस्तीबाहेर पाहणाऱ्या या मुलांना विकत घेणारं गिऱ्हाईक आणि छापून येणारी समीक्षा यांच्याशिवाय किती काळ तगता आलं असतं?

नवकवी बा. सी. मर्ढेकरांच्या बाबतीत मात्र मी सावध आहे. 'पिपात मेले ओल्या उंदिर' म्हणजे युद्धाची कविता, असं सरसकट लिहिलं जातं. मर्ढेकर १९२९ ते १९३३ लंडनमध्ये होते, तिथली नवी इंग्रजी कविता त्यांनी युद्धाच्या कितीतरी आधी वाचली होती. रेशनच्या रांगा, ब्लॅकआउट आणि कारखान्यांचं शहर यांनी त्या कवितेला सामग्री पुरवली, इतकं म्हणता येईल. आणि कागदाची टंचाई होती म्हणून नव्या वळणाची मराठी लघुकथा, म्हणजे नवकथा, जन्मली असं कुणी म्हणालं, तर ते अतीच.