"नुसतं बघत बसायचं" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. एवढं सविस्तर लिहिलंत, वर स्क्रीनशॉटही टाकलात, त्याबद्दल मनापासून आभार. आमच्या गेममध्ये रणगाड्यांनी कधी काय करायचं याचे नियम लढाईआधी ठोकळे लावून ठरवायचे असतात, मग रणगाडे त्यानुसार आपले आपण लढतात. तुमचं म्हणणं असं की लढाई सुरू झाली की खेळणाऱ्याच्या हातात काही उरत नाही, हा गेम नसून कोडिंगचा क्लास आहे, आणि पुलावरच्या लढाईत माघारीचा नियम असूनही तुमचे रणगाडे जागच्या जागी उभे राहून संपले, म्हणजे एआय बिघडलेलं आहे.

आधी पुलाचं बोलू. स्क्रीनशॉटमध्ये तुमचा पहिला नियम आहे 'शत्रू दिसला तर गोळी झाड' आणि दुसरा 'ताकद ३० टक्क्यांखाली गेली तर मागे फिर'. नियम वरून खाली वाचले जातात आणि जो आधी लागू पडेल तेवढाच चालतो. पुलावर शत्रू सतत समोर होता, त्यामुळे दुसऱ्या नियमाची पाळी आलीच नाही. दोघांची अदलाबदल करून बघा. मग पुढची अडचण येईल: रणगाडा तळावर जाईल, दुरुस्तीत ३१ टक्के झाला की लगेच पुढे धावेल, एक गोळी खाईल आणि परत मागे. या येरझारा थांबवायच्या तर दोन आकडे लागतात, ३० ला माघार आणि ७० झाल्याशिवाय पुढे यायचं नाही. मधल्या काळात आपण माघारीत आहोत हे रणगाड्याला आठवावं म्हणून 'खूण ठेव' हा ठोकळा दिलाय.

रिप्लेमध्ये रणगाड्यावर क्लिक केलंत की त्या क्षणी चालू असलेला नियम पिवळा दिसतो. आम्ही सगळ्यात जास्त मेहनत यावरच घेतली आहे. हरलो तर का हरलो हे कळलंच पाहिजे. म्हणूनच लढाईत नशिबाचा भाग ठेवला नाही. दोन्ही बाजूंचे नियम तेच असतील तर निकालही तोच.

लढाई चालू असताना हुकूम द्यायची सोय मात्र आम्ही करणार नाही. एका क्लिकवर रणगाडा वाचवता आला तर नियम लिहायचे कष्ट कोण घेईल? ज्याचा माउस चपळ तो जिंकेल, आणि तसे गेम भरपूर आहेत. १९८१ मध्ये ऍपल टू या घरगुती संगणकावर आलेल्या सायलस वॉर्नर यांच्या 'रोबोटवॉर' या गेममध्येही रडार कुठे फिरवायचं, नेम कुठे धरायचा, हे सगळं आधी लिहून द्यावं लागायचं; रोबोट रिंगणात उतरला की खेळणारा बाजूला. पैलवान आखाड्यात उतरल्यावर वस्ताद कडेलाच उभा असतो, पण कुस्ती त्याचीही असते. आम्हाला हीच मजा द्यायची आहे, आणि स्टोअरच्या पानावर पहिल्याच ओळीत ते लिहिलंय.

कोडिंगचं म्हणाल तर एक अक्षरही टाइप करावं लागत नाही, ठोकळे ओढून लावायचे.

तरीही गेम तुमच्यासाठी नाही असं वाटलं तर रिव्ह्यूवर तुमचा खेळ १.६ तास झालेला दिसतोय. स्टीम या ऑनलाइन गेम स्टोअरवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांच्या आत खेळ असेल तर पैसे परत मागता येतात. पूल परत खेळणार असाल तर आधी नियमांची अदलाबदल करा, आणि अडलात तर नवा स्क्रीनशॉट इथेच टाका, मी स्वतः बघतो.