इग्लूखाली काय गाडलं गेलं

‘पिट्सबर्गचं सिव्हिक अरीना म्हणजे ओसाड जागेवर आइस हॉकीसाठी बांधलेला घुमट. छत उघडणार म्हणून गाजावाजा झाला, ते कधी उघडलंच नाही. शेवटी मोडकळीला आलं म्हणून पाडलं.’ ‘इग्लू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या अमेरिकेतल्या घुमटाच्या जुन्या फोटोसकट हा मजकूर फिरतोय. फोटो तेवढा खरा आहे.

हॉकीसाठी? मूळ अडचण संगीतिकांची होती. सिव्हिक लाइट ऑपेरा या संगीतिका करणाऱ्या संस्थेचे प्रयोग पिट स्टेडियममध्ये उघड्यावर व्हायचे, पाऊस आला की सगळं बोंबललं. डिपार्टमेंट स्टोअरचे मालक एडगर कॉफमन यांनी १० लाख डॉलर देऊ केले, ते या मंडळींना सरकत्या छताखाली आणण्यासाठी. १९६१ मध्ये अरीना सुरू झालं. खालच्या लीगची हॉकी तिथे होतीच, पण वरच्या लीगचा हॉकी संघ, पेंग्विन्स, आला १९६७ मध्ये. ऑपेराला मात्र तिथला आवाज मानवला नाही. ती पुढे हेन्झ हॉलमध्ये गेली.

छत तर नक्की उघडायचं. स्टेनलेस स्टीलच्या ८ पाकळ्या, त्यातल्या २ स्थिर. उरलेल्या ६ रुळांवरून सरकत त्यांच्याखाली जायच्या, अडीच मिनिटांत. आत एकही खांब नाही. सगळा डोलारा बाहेरून वाकून आलेल्या २६० फुटी बाहूने वर पेललेला. पुढेपुढे ते क्वचितच उघडायचे, हे कबूल.

पण ‘ओसाड’ हा शब्द खरा संतापजनक आहे. ती शहराच्या लोअर हिल भागातली भरवस्ती होती, बहुतांश कृष्णवर्णीयांची. वायली अव्हेन्यूवर जॅझचे क्लब, दुकानं, चर्चेस. १९५६ पासून ९५ एकरांवर पाडकाम चाललं. सुमारे ८,००० माणसं आणि ४०० हून अधिक व्यवसाय उठवले गेले. बेथेल चर्चची भक्कम इमारत १९५७ मध्ये पाडली. कागदोपत्री ही ‘गलिच्छ वस्ती’. घरं जुनी होती, दाटीही होती, पण त्याला ओसाड म्हणत नाहीत. पुढे रहिवाशांनी क्रॉफर्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर फलकच लावला: या कोपऱ्याच्या पलीकडे पुनर्विकास नको.

राहिलं मोडकळीचं. २०१० च्या जूनपर्यंत तिथे कार्यक्रम चालू होते. समोरच नवं अरीना झालं आणि जुनं नकोसं झालं. वारसा म्हणून राखायची मागणी फेटाळली गेली, २०११-१२ मध्ये पाकळ्या उतरवल्या. तिथल्या २८ एकरांच्या विकासाचे हक्क पेंग्विन्सना मिळाले होते. पुढे कित्येक वर्षं त्या जागेवर गाड्या उभ्या राहत होत्या.