गोळ्या अर्धवट सोडल्या म्हणून? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. फुप्फुसातली बुरशी औषधांना दाद देईनाशी होतेय आणि त्यात पिकांवरच्या फवारणीचाही हात आहे, असं मी लेखात म्हटलं, त्यावर आपण तीन आक्षेप घेतलेत. रुग्ण गोळ्या अर्धवट सोडतात म्हणून बुरशी औषधाला दाद देत नाही. शेतीला मी उगाच मध्ये ओढलं. आणि नवी औषधं येऊ घातली असताना घाबरवायचं कशाला?

पहिला आक्षेप क्षयरोगाला चपखल बसतो, ॲस्परजिलस फ्युमिगेटस या लेखातल्या बुरशीला फारसा नाही. वर्षानुवर्षं ॲझोल गटातली बुरशीविरोधी औषधं घेणाऱ्या जुनाट रुग्णांच्या फुप्फुसातल्या बुरशीत औषधाविरुद्ध प्रतिकार तयार होतो, हे मान्य. पण ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या केमोथेरपीत पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या माणसाने आयुष्यात व्होरिकोनाझोल या ॲझोलची एकही गोळी घेतलेली नसते, तरी त्याच्यातली बुरशी त्या औषधाला जुमानत नाही, असं अनेकदा आढळलंय. त्याने काय अर्धवट सोडलं?

इथेच शेती येते, मी ओढून आणलेली नाही. टेब्युकोनाझोल, प्रोपिकोनाझोल ही पिकांवरची बुरशीनाशकं आणि व्होरिकोनाझोल ही एकाच कुळातली. सगळ्यांचा मारा एकाच विकरावर (एन्झाइमवर), ज्याच्याविना बुरशीला आवरणासाठी लागणारं अर्गोस्टेरॉल बनवता येत नाही. फ्युमिगेटस कुजणाऱ्या पालापाचोळ्यात, कंपोस्टमध्ये वाढते. फवारणीचे अंश तिथे उरतात, त्यातून तगणारे वाण निवडले जातात आणि त्यांचे दोन-तीन मायक्रॉनचे बीजाणू हवेतून थेट श्वासात. टीआर३४/एल९८एच हा बुरशीच्या जनुकातला बदल नेदरलँड्समधल्या रुग्णांत आधी नजरेत भरला: या विकराच्या जनुकाच्या पुढचा डीएनएच्या ३४ अक्षरांचा तुकडा दोनदा येतो, विकर जास्त बनतं, शिवाय औषध चिकटण्याच्या जागेचा आकार बदलतो. तोच बदल पुढे मातीतही सापडला. शेतकऱ्याला दोष देण्याचा प्रश्नच नाही. त्याचं पीकही बुरशीच खाते.

‘औषध बदललं की झालं’ हे आपलं वाक्य मात्र खटकलं. बदलायचं कधी, हे कळायला हवं ना! प्रयोगशाळेत चार कप्प्यांची प्लेट असते. तीन कप्प्यांत तीन वेगवेगळी ॲझोल, चौथा कोरा. दोन दिवसांनी व्होरिकोनाझोलच्या कप्प्यातही बुरशीची हिरवट-राखाडी मखमल दिसली, की लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन या वेगळ्या गटातल्या औषधाकडे वळायचं. पण त्यासाठी आधी फुप्फुसातून बुरशी वाढवून हाती यावी लागते, आणि पुष्कळदा ती वाढतच नाही. निदान बुरशीचा अंश शोधणाऱ्या गॅलॅक्टोमॅनन चाचणीवरच होतं. मग प्लेटमध्ये ठेवणार काय? आणि ज्याच्या पांढऱ्या पेशीच उरलेल्या नाहीत, त्याच्या रक्तवाहिन्यांत बुरशी तोवर शिरलेली असते.

एका बाबतीत आपलं म्हणणं रास्त आहे: औषध लागू पडलं नाही म्हणजे प्रतिकारच, असं नव्हे. काहींचं यकृत व्होरिकोनाझोल इतक्या झपाट्याने फोडतं की रक्तात पुरेसं उरतच नाही. म्हणून पातळी मोजतात. कधी बुरशी म्युकर या दुसऱ्याच जातीची निघते, तिच्यावर हे औषध मुळातच चालत नाही.

राहता राहिली नवी औषधं. त्यांतलं ओलोरोफिम पूर्णपणे वेगळ्या विकरावर घाव घालतं, म्हणून माझीही त्याच्यावर भिस्त होती. पण इप्फ्लुफेनोक्विन हे पिकांवरचं बुरशीनाशक नेमकं त्याच विकरावर काम करतं. प्रयोगशाळेत त्याच्या संपर्कात वाढवलेल्या फ्युमिगेटसमधून ओलोरोफिमलाही न जुमानणारे वाण निघालेत. ओलोरोफिम अजून दवाखान्यात रुळायचंय, फवारणीला परवानगी मात्र अमेरिकेत २०२२ सालीच मिळाली.