अरूर म्हणजे हिरडाच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सविस्तर लिहिलंत, आभार. मंगोलियातल्या वनस्पती आणि बौद्ध विधींवरच्या लेखाबद्दल आपले मुख्य आक्षेप दोन. एक, 'अर्त्स'च्या म्हणजे जुनिपर या सुगंधी झुडपाच्या धुरीला 'बौद्ध विधी' म्हणणं चूक. दोन, मंगोलियन वैद्यकातलं 'अरूर' हे फळ म्हणजे आपला हिरडा हे निव्वळ नावांवरून जुळवलंय. जुन्नरच्या बाजारातला हिरडा तर बारीक आणि काळा, लेखातल्या फोटोतलं फळ मोठं, पिवळट.

पहिला आक्षेप मान्य. धुरी काय किंवा ओवो (खिंडीत, डोंगरमाथ्यावर रचलेली दगडांची रास) काय, दोन्ही बौद्ध धर्म रुजण्याआधीचे. लामांनी त्यांना पोथी जोडली. आतल्या मंगोलियातल्या उराद भागाचे लामा मेर्गेन गेगेन (1717–1766) यांनी ओवोपूजेचे पाठ रचले, तेही तिबेटीत नव्हे, मंगोलियन भाषेत. लेखातलं वाक्य दुरुस्त केलंय.

हिरड्याबाबत मात्र माघार नाही. नावावर जाऊ नये हे खरंच. मंगोलियन 'रशान' आपल्या 'रसायन'वरून गेलेला, पण तिथे त्याचा अर्थ औषधी पाण्याचा झरा. आणि 'गंगा' म्हणतात ते तिथलं रानटी थाइम, पुदिन्याच्या कुळातलं, माळावर जमिनीलगत पसरणारं! अरूर आणि हिरडा यांत तर नावाचंही साम्य नाही. जुळतं ते फळ.

आपण पाहिलात तो बाळहिरडा: आठळी धरण्याआधीच गळालेला किंवा तोडलेला, म्हणून वाळून काळा आणि सुरकुतलेला. फोटोतल्या फळाशी ताडायचा तर सुरवारी, म्हणजे पूर्ण पिकलेला हिरडा घ्या. दोन ते चार सेंटिमीटर लांब, टोकांना निमुळता, वाळल्यावर पाच ठळक कंगोरे, फोडला की आत एकच टणक आठळी. अरूर हुबेहूब तसाच. त्याच्या जोडीचा 'बरूर' गोलसर, मखमली लव असलेला, म्हणजे बेहडा. आणि 'जुरूर' सहा फाकांचा, म्हणजे आवळा. त्रिफळाच की हा! उलानबातरच्या उणे तीस अंशांत हिरड्याचं झाड तग धरणार नाही, तेव्हा फळ बाहेरूनच जाणार. वाग्भटाचं 'अष्टांगहृदय' 11व्या शतकातच तिबेटीत गेलं होतं, आणि मंगोलियन वैद्यक उभं आहे ते तिबेटी वैद्यकावर. भैषज्यगुरूच्या, म्हणजे औषधांच्या बुद्धाच्या, उजव्या हातातली फळं लागलेली डहाळी हिरड्याचीच.

शेवटी आपण अर्त्सच्या पुडीचा फोटो पाठवून नेमकी जात विचारली आहे. भुकटीच्या फोटोवरून ती सांगता येत नाही. अर्त्स या एका नावाखाली जुनिपरच्या निदान दोन जाती येतात. सायबेरियन जुनिपरची पानं सुईसारखी, तीन-तीनच्या वेढ्यात, वरच्या बाजूला पांढरा पट्टा. सबीना जुनिपरची पानं खवल्यांसारखी, फांदीला चिकटलेली. मात्र सबीनाच्या कोवळ्या फांदीवरही सुया असतात आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. म्हणून फळं धरलेली जून डहाळी हवी. ती वर्तमानपत्रात दाबून, पहिला आठवडा रोज कागद बदलून वाळवावी; नाहीतर बुरशी धरते. सोबत तारीख, ठिकाण, उंची आणि तिथली माणसं तिला काय म्हणतात तेही टिपून ठेवावं. पुडीतली भुकटी जाळायची असेल तर निखाऱ्यावर चिमूटभरच टाका. ज्वाळेवर टाकलीत तर भस्सकन पेटेल आणि धूर मिळणारच नाही.