जमिनीवरचा नाखवा

मुंबईत मी बोट चालवतो असे सांगितले की ऐकणारा आधी भाऊच्या धक्क्याचे नाव घेतो, मग गेटवेचे, आणि मी दोन्हींना नकार दिला की माझ्याकडे संशयाने पाहू लागतो. माझी बोट यांपैकी कोठेच लागत नाही. ती उपनगरातल्या एका मनोरंजन उद्यानात चार लोखंडी खांबांच्या आधाराने टांगलेली आहे, तिच्या दोन्ही टोकांना दात विचकणारे ड्रॅगन आहेत, आणि पाण्याशी तिचा संबंध फक्त पावसाळ्यात येतो, तेव्हा ती बंद ठेवावी लागते. जत्रेतल्या लोकांनी या झोक्याला फार पूर्वीच ‘कोलंबस’ म्हणायला सुरुवात केली. खरा कोलंबस १४९२ मध्ये हिंदुस्थानला म्हणून निघाला आणि भलत्याच किनाऱ्याला लागला. आमची बोट जेथून निघते तेथेच न चुकता परत येते, आणि तरीही उतरणारी माणसे जमिनीला हात लावून तो कपाळाला लावतात.

या बोटीचे यंत्र अत्यंत समजूतदार आहे, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी तक्रार माणसांची आहे. बोटीच्या पोटाखाली फलाटाच्या खड्ड्यात मोटारीवर फिरणारे एक रबरी टायर असते. बोट त्याच्यावरून जाऊ लागली की ते वर उचलले जाते, तिच्या तळाला घासते आणि तिला पुढे ढकलते. ती परत आली की उलट्या दिशेने फिरून पुन्हा ढकलते. अशा थोड्याथोड्या धक्क्यांनी झोका वाढत जातो. थांबवतानाही तेच टायर तळाला लावून ठेवायचे असते आणि झोका हळूहळू उतरवायचा असतो. टायर भिजले की घसरते, म्हणून पावसात बोट बंद. सकाळी फाटक उघडण्याआधी मी बाकांवर माणसांना धरून ठेवणाऱ्या प्रत्येक दांड्याचे कुलूप हाताने ओढून पाहतो, पिना तपासतो, रिकामी बोट फिरवतो आणि वहीत सही करतो. त्या रिकाम्या फेरीत कोणी किंचाळत नाही, कोणी मला दादा, काका, भैया, मास्तर किंवा ‘ओ शुक शुक’ म्हणत नाही. माझ्या नोकरीतला मनोरंजनाचा भाग तेवढाच.

फाटक उघडले की लोकलचा प्रवासी आत येतो. तो तिकीट काढून मौज करायला आलेला असला तरी अंगातली लोकल फाटकावर ठेवून येत नाही. बोट पूर्ण थांबण्याआधी तो चढू पाहतो, लांबून रुमाल टाकून जागा धरतो, आणि तीन माणसांच्या बाकावर तिघे बसलेले दिसताच चौथा म्हणून येऊन उभा राहतो व ‘जरा सरकून घ्या’ म्हणतो. त्याहून आश्चर्य म्हणजे आधीचे तिघे सरकूनही घेतात. येथे चौथी सीट नसते, असे मी सांगतो तेव्हा चौघेही एक होऊन माझ्याविरुद्ध उभे राहतात; वर्षानुवर्षे चौथ्या सीटवर अर्धे अंग बाहेर ठेवून बदलापूर गाठणाऱ्या माणसाला मी कोण बसायला शिकवणार, असा त्यांचा एकूण रोख असतो.

खरे रण माजते ते मांडीवरच्या दांड्यावरून. आमच्या बोटीत प्रत्येक बाकाला एकच दांडा आहे आणि तो त्या बाकावरच्या सर्वांत भरदार मांडीवर येऊन थांबतो. त्यामुळे भरदार वडील आणि पहिलीतला मुलगा शेजारी बसले, तर दांडा वडिलांना घट्ट धरतो आणि मुलाच्या पोटापुढे एवढी मोकळी जागा सोडतो की तिच्यातून त्याचे दप्तरही आरपार जावे. म्हणून बारक्यांना बारक्यांबरोबर आणि भरदारांना भरदारांबरोबर बसवणे हे माझे काम. हे कारण मी प्रत्येक कुटुंबाला शांतपणे समजावून सांगतो आणि प्रत्येक कुटुंबाला त्यातला एकच शब्द ऐकू जातो. मागे एका काकूंनी मला विचारले, “अहो, म्हणजे तुम्ही आमच्या यांना जाडे म्हणताय का?” मी दांड्याकडे बोट दाखवले. काकांनी पोट आत ओढून श्वास रोखला आणि मला खूण केली की लावा आता, बसतोय की नाही बघा. दांडा खरोखरच दोन बोटे खाली गेला. मी काही न बोलता तेथेच उभा राहिलो. माणूस किती वेळ श्वास रोखू शकतो याचा मला या नोकरीत चांगला अंदाज आला आहे. काकांचा चेहरा लाल झाला, मग जांभळट झाला, आणि अखेर त्यांनी श्वास सोडला तेव्हा दांडा कुरकुरला. काकू निमूटपणे मुलाला घेऊन पुढच्या बाकावर गेल्या, पण जाताना रांगेतल्या अनोळखी बाईंना म्हणाल्या, “आमच्या लग्नापासून आम्हाला कोणी वेगळं बसवलं नव्हतं.” त्या बाईंनीही माझ्याकडे असे पाहिले की जणू मी कोर्टाचा निकाल वाचून दाखवला होता.

उंचीच्या पट्टीचे तर विचारूच नका. रंगवलेली पट्टी भिंतीवर आहे, रेघ ठळक आहे, आणि तरीही मातांच्या मते पट्टीच आखूड आहे. मुलीच्या वेण्या डोक्यावर बांधून आणणे, मुलाला दोन जोड्या मोजे घालणे, मान ताणून धरायची तालीम रांगेतच घेणे, हे सगळे मी पाहिले आहे. एका वडिलांनी ‘पुढच्या महिन्यात होईलच तेवढा’ असे सांगून उधारीवर उंची मागितली होती.

एकदा माणसे बसली की त्यांना यंत्राविषयी शंका सुचू लागतात. जड माणसे एका बाजूला बसली तर बोट तिकडेच राहील का, हा नेहमीचा प्रश्न. झोक्याला जाऊन यायला लागणारा वेळ लांबीवर ठरतो, वजनावर ठरत नाही, हे गॅलिलिओने चारशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे; पण गॅलिलिओला रांग सांभाळायची नव्हती. आणखी एक गोष्ट कोणालाच खरी वाटत नाही: सर्वांत कमी हलणारी जागा मधली आणि सर्वांत जास्त उचलली जाणारी जागा टोकाची. टोकाच्या बाकावर बोट सर्वांत उंच पोहोचते, क्षणभर थबकते, आणि त्या क्षणी माणसाचे बूड बाकापासून सुटल्यासारखे वाटते. पोटातले वडापाव, पाणीपुरी आणि उसाचा रस याच क्षणी आपापले मत मांडतात. खिशातली नाणी, चष्मे, किल्ल्या आणि एकदा तर कवळीही त्याच क्षणी खाली आली होती. कवळीचे मालक उतरल्यावर माझ्याशी बराच वेळ काहीतरी तावातावाने बोलले, पण कवळी माझ्या हातात असल्यामुळे मला त्यातले एक अक्षरही कळले नाही.

ओकारी हा आमच्या खात्याचा स्वतंत्र विभाग आहे. कानाच्या आतल्या नलिकांमधला द्रव मेंदूला ‘आपण हललो’ असे कळवतो आणि मिटलेले डोळे त्याला काहीच कळवत नाहीत, अशा वेळी मेंदू गोंधळतो आणि राग पोटावर काढतो. म्हणून डोळे उघडे ठेवा, लांब पाहा, असे मी माईकवरून मराठीत, हिंदीत आणि माझ्या गुजरातीत सांगतो. लोक डोळे गच्च मिटतात. वाऱ्याची दिशा पाहून उभे राहायची सवय नाखव्याला असते म्हणतात, ती मलाही लागली आहे. लाकडाच्या भुशाचे पोते माझ्या खुर्चीमागे कायम तयार असते.

या सगळ्या गर्दीत माझ्या बोटीला एकच जाणकार भेटला. नऊवारी नेसलेल्या, वेसाव्याच्या एक कोळीण मावशी नातवंडांना घेऊन आल्या आणि टोकाच्या बाकावर बसल्या. बोट वर गेली तशी आजूबाजूची पोरे देवाचा धावा करू लागली. मावशी मात्र मांडीवरच्या पिशवीची गाठ सोडून तंबाखू मळत होत्या. उतरल्यावर त्यांनी बोटीचा तळ वाकून पाहिला, टायर पाहिले आणि मला विचारले, “वल्हव्याला पगार किती देतात?” मी सांगितला. त्यांनी सहानुभूतीने मान हलवली.

समाजात मात्र एवढाही मान नाही. बहिणीच्या सासरी मी काय करतो असे विचारले तेव्हा भाचीने ‘मामा झोका देतात’ असे सांगून टाकले. मी शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाचा दाखला दिला. ते कोलंबसच्याच स्मरणार्थ भरले होते, त्यात फेरिसचा २६४ फुटी आकाशपाळणा पहिल्यांदा फिरला, आणि त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले. सासरच्या मंडळींना त्यांपैकी विवेकानंद पटले, पाळणा नाही.

फुकट पासाच्या वेळी मात्र नाते आठवते. माझा मेहुणा गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब आला. ‘मला काही होत नाही’ हे वाक्य त्याने रांगेत, चढताना आणि दांडा लावताना असे वेगवेगळ्या लोकांना ऐकवले आणि टोकाचा बाक मागून घेतला. तिसऱ्या झोक्याला त्याने मला नावाने हाक मारली. चौथ्याला ‘भावजी’ म्हटले, आणि सासऱ्यांनंतर त्या घरात मला आदराने हाक मारल्याचा तो पहिलाच प्रसंग. पाचव्याला तो ‘थांबवा’ म्हणाला. मी टायर लगेच तळाला लावले, पण बोटीचा झोका तिच्या हिशेबानेच उतरतो, आणि तो उतरेपर्यंत मेहुण्याने फराळाचा संपूर्ण तपशील खालच्या फलाटाला सादर केला होता. मी वाऱ्याची दिशा आधीच पाहून ठेवली होती. पाडव्याला सासुरवाडीला गेलो तेव्हा तो ओसरीवर पाहुण्यांना सांगत होता की त्या पार्कातली बोट बिघडलेली आहे, जरा जास्तच हलते, आणि चालवणाऱ्यालाही फारसे कळत नाही.